एक जण कमी पडतोय, येतोस का?

शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ओळ उमटते : ‘उद्या सकाळी सातला टर्फ बुक केलंय. एक जण कमी पडतोय. येतोस का?’ या एका ओळीनं कितीतरी माणसं पुन्हा फुटबॉलकडे ओढली गेली आहेत. शाळेच्या संघात राइट बॅक खेळलेली, कॉलेजात गोल मारून मित्रांच्या खांद्यावर बसलेली आणि मग नोकरी, लग्न, मुलं, बदल्या यांत बूट माळ्यावर टाकलेली. पाय शिवशिवत असतातच, कुणीतरी हाक मारायची खोटी असते.

अशा परतणाऱ्यांसाठी हा मजेदार माहितीचा खजिना. तो उघडण्याआधी एक गोष्ट ठासून सांगते. शरीरात फुटबॉल एकाच वेगानं परत येत नाही. पाय सगळ्यांत आधी आठवतात, दम काही महिन्यांनी येतो आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, सगळ्यांच्या मागून येतात. परतल्यावरच्या बहुतेक दुखापती या वेगांच्या फरकातून होतात. तो फरक ओळखला की पुढची कित्येक वर्षं खेळता येतं.

सातातले सहा

फिफानं २००६ साली जगभरच्या फुटबॉलपटूंची मोजदाद केली. आकडा आला साडेसव्वीस कोटी. त्यांतले क्लबांकडे किंवा संघटनांकडे नोंदलेले होते ३ कोटी ८० लाख. म्हणजे सातातले सहा जण निव्वळ हौसेनं खेळणारे! गल्लीत, समुद्रकाठी, शाळेच्या पटांगणात. रविवारी सातला टर्फवर पोचणारा माणूस या सहांतला आहे, आणि जगातला बहुतांश फुटबॉल हेच लोक खेळतात.

गोव्यात भातकापणी झाली की शेतंच मैदानं होतात. विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यानं १८८३ मध्ये शिवोलीत तिथल्या पोरांना हा खेळ शिकवला असं मानलं जातं, आणि २०१२ मध्ये फुटबॉल गोव्याचा राज्यखेळ म्हणून जाहीर झाला. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांच्या ‘व्हेटरन्स’ सामन्यांचं तिथं कुणालाच नवल वाटत नाही. कोल्हापुरात तर संघांची नावंच बघा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरतात आणि पेठापेठांतली ईर्षा शाहू स्टेडियमवर रंगते. तिथं खेळणं थांबलेला माणूसही फुटबॉलपासून लांब जात नाही. आपल्या पेठेचा सामना असला की तो गॅलरीत हजर.

आणि रविवारचं म्हणाल, तर खुद्द इंग्लंडमध्ये १९६० पर्यंत तिथल्या फुटबॉल संघटनेची रविवारच्या फुटबॉलला मान्यता नव्हती. पुढे बंदी उठली. पूर्व लंडनच्या हॅकनी मार्शेसवर तर रविवारी सकाळी गर्दी उसळत असे. भरभराटीच्या काळात त्या एका माळावर शंभराहून जास्त मैदानं आखलेली असत.

पाय विसरत नाहीत

पहिल्या दिवशीचा सगळ्यात सुखद धक्का हा. चेंडू अंगावर येतो, पाऊल आपोआप आडवं होतं आणि चेंडू पायाशी थांबतो. वीस वर्षांनंतर! इतिहासाच्या सनावळ्या विसरलेला मेंदू हे कसं लक्षात ठेवतो?

कारण ही वेगळी स्मृती आहे. पोहणं, सायकल चालवणं, चेंडू अडवणं अशी कौशल्यं साठवण्यात लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल गाभ्यातली केंद्रं यांचा मोठा वाटा असतो. नावं, तारखा, फोन नंबर लक्षात ठेवायची यंत्रणा निराळी. म्हणून समोरच्या जुन्या मित्राचं आडनाव आठवत नाही, पण त्याला डाव्या पायानं द्यायचा पास बरोबर पोचतो.

स्नायूंची गोष्ट याहूनही रंजक आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींना एक केंद्रक असतं. स्नायूच्या लांब तंतूत ती शेकडोंनी असतात. व्यायामानं स्नायू वाढतो तेव्हा त्यात नवी केंद्रकं भरती होतात. ऑस्लो विद्यापीठातल्या क्रिस्टियान गुंडर्सन यांच्या गटानं २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं, की पुढे स्नायू वापराविना सुकला तरी कमावलेली केंद्रकं तीन महिन्यांनंतरही तशीच टिकून होती. तीन महिने म्हणजे उंदराच्या आयुष्याचा मोठा तुकडा. एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर भरतो, याचं एक स्पष्टीकरण त्यातून मिळालं.

तीन आठवडे आणि तीस वर्षं

आता दमाकडे. पहिल्याच दहा मिनिटांत छातीचा भाता होतो आणि मनात येतं, वय झालं. थोडं थांबा, टेक्सासमधल्या डॅलस शहरातला एक प्रयोग ऐका. व्यायामाच्या शास्त्रात माझा सगळ्यात आवडता प्रयोग हाच.

१९६६ साली तिथल्या संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीनं अंथरुणात ठेवलं. चालणं नाही, उठणं नाही. त्याआधी आणि नंतर त्यांची दमाची कुवत मोजली, म्हणजे पूर्ण ताकद लावल्यावर शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरतं ते. तीन आठवड्यांत ती जोरात कोसळली. मग तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना शोधून परत बोलावलं. आता ते पन्नाशीचे होते, वजनं वाढलेली होती. पुन्हा मोजमाप झालं आणि निकाल थक्क करणारा निघाला : विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं दमाचं जितकं नुकसान केलं होतं, तितकं तीस वर्षांच्या वयानंही केलं नव्हतं.

पुढचा भाग तर आणखी गोड. या पन्नाशीच्या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला. चालणं, हलकं पळणं, सायकल. सहा महिन्यांनी त्यांची कुवत १९६६ मध्ये प्रयोग सुरू होण्यापूर्वी जिथं होती तिथं परत पोचली.

पन्नाशीत, विशीचा दम! त्याला सहा महिने लागले, सहा रविवार नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

फुटबॉलचा दम सरळ पळण्याच्या दमापेक्षा वेगळा पडतो, तेही सांगायला हवं. व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातली जेमतेम दोन मिनिटं चेंडू त्याच्या पायाशी असतो. बाकी वेळ चालणं, हळू पळणं, मागे सरकणं, वळणं, दोन-तीन सेकंदांची मुसंडी आणि पुन्हा चालणं. दर चार ते सहा सेकंदांनी हालचाल बदलते. रोज सकाळी एका लयीत पाच किलोमीटर पळणारा माणूस टर्फवर वीस मिनिटांत हाशहुश करतो, ते या सततच्या थांब-पळीमुळं.

तुमच्या टाचेमागं शाळेतले दिवस आहेत

आता तिसरी मंडळी, कंडरा. इथं जरा जास्त वेळ थांबू, कारण परतणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं.

१९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी वातावरणात अणुबाँबच्या इतक्या चाचण्या केल्या, की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. मग चाचण्यांवर बंदी आली आणि ते दरवर्षी उतरत गेलं. हा कार्बन झाडांत गेला, अन्नातून माणसांत आला. त्यामुळं शरीरातली एखादी ऊती कोणत्या वर्षी घडली हे तिच्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ही युक्ती वापरून माणसांच्या टाचेमागची मोठी कंडरा तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापला : तिचा गाभा आयुष्याच्या साधारण पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि त्यानंतर त्याची जवळजवळ झीजभरपाईच होत नाही.

काय विलक्षण गोष्ट आहे! कातडी बदलली, रक्त बदललं, हाडंसुद्धा हळूहळू नवी होत गेली. पण दहावीत असताना ज्या कंडरेच्या जोरावर तुम्ही आंतरशालेय सामन्यात धावलात, तिचा गाभा आजही तोच आहे. तीच जुनी दोरी, वजन मात्र वीस किलो जास्त.

ही कंडरा तुटण्याचं प्रमाण तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत जास्त दिसतं, आणि तेही आठवडाभर बसून एक दिवस जोरात खेळणाऱ्यांत. टाचेच्या हाडापासून काही सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि बहुधा ती तिथंच तुटते. तुटते तेव्हाचं वर्णन डॉक्टरांना पाठ असतं : ‘कुणीतरी मागून लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं.’ असं झालं तर बर्फ लावून घरी बसू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

कंडरेला ताण देऊन पक्कं करता येतं, पण तिचा वेग स्नायूंपेक्षा कमी. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश खाली सोडणं, पुन्हा वर उचलणं, हा साधा व्यायाम खेळाच्या निदान महिनाभर आधी सुरू केला तर तिला सवय होते. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि कमरेत न वाकता अंग हळूहळू पुढे सोडायचं, जमेल तितका वेळ स्वतःला रोखत. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. पहिल्या दिवशी पाचसुद्धा होत नाहीत. चालेल, तीनच करा.

सामन्याआधीच्या वॉर्म-अपचा आळस सगळ्यांनाच असतो. टर्फ तासावर भाड्यानं असतं, मिनिटं वाया जातील असं वाटतं. फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा क्रम तयार केला. हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग वेगात पळणं आणि वळणं. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल छापून आले आणि दुखापती साधारण एक तृतीयांशानं घटलेल्या दिसल्या. टर्फ सातला असेल तर सहा चाळीसला फाटकाबाहेर हे सुरू करा. एका जागी उभं राहून मिनिटभर स्नायू ताणून धरण्यापेक्षा चालते-फिरते ताण बरे. लांब ताणून धरलं की लगेचच्या पळण्यातला जोर थोडा कमी होतो.

दुसऱ्या दिवशीचं अंग

सोमवारी जिना उतरताना मांड्या किंचाळतात आणि ऑफिसातला कुणीतरी ज्ञान देतो, ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय.’ ते तर खेळ संपल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं! दुखणं असतं स्नायूंतल्या सूक्ष्म इजेचं. ताणलेल्या अवस्थेत जोर लावताना, म्हणजे थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना ती होते. हे दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं. पुढच्या वेळी तोच खेळ खेळून कमी दुखतं.

बर्फाचीही एक कथा आहे. विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चौकडीचा मंत्र गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केला. २०१४ मध्ये त्याच मिर्किनसाहेबांनी लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. वेदना कमी करायला बर्फ थोडा वेळ चालतो. मुरगळलेला घोटा मात्र सूज उतरू लागली की हळूहळू हलवता ठेवायचा.

तुम्ही नव्हता तेव्हा नियम बदलले

नव्वदच्या आसपास खेळणं सोडलेल्यांनी हे आधी वाचावं, नाहीतर पहिल्याच सामन्यात हुज्जत.

सगळ्यात मोठा बदल १९९२ चा. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. त्याआधी आघाडीवर असलेला संघ डिफेंडर ते गोलकीपर, गोलकीपर ते डिफेंडर असा खेळ करत वेळ काढत बसायचा. हा एक नियम आला आणि गोलकीपरला पायांनी खेळणं शिकावं लागलं. आजचे गोलकीपर मिडफिल्डरसारखे पास देतात ते त्यामुळं. शाळेत ‘पळता येत नाही, गोलात उभा राहा’ असं ज्यांना सांगितलं जायचं, त्यांची ती जागा आता तितकी सोपी राहिलेली नाही.

१९९० पासून डिफेंडरच्या बरोबरीनं असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जात नाही. २०१६ पासून सामन्याची सुरुवात करताना चेंडू कुठल्याही दिशेला मारता येतो. पूर्वी तो पुढेच सरकवावा लागे, म्हणून तर मध्यभागी दोघं उभे असायचे. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जायची वाट बघावी लागत नाही. आणि २०२५ चा नियम : गोलकीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात उंचावून मोजून दाखवतो.

टर्फवरच्या पाच-पाचच्या खेळात यांतले बरेच नियम गळतात. ऑफसाइड बहुधा नसतंच आणि भोवतीच्या जाळीमुळं चेंडू फारसा बाहेर जात नाही. जागोजागी स्थानिक नियम वेगळे. सुरू करण्यापूर्वी विचारून घ्या.

क्रिकेटच्या पॅडमधून निघालेलं कवच

नडगीवरचं पॅड ही क्रिकेटची देणगी आहे! नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सॅम विडोसन हा क्रिकेटही खेळायचा. १८७४ मध्ये त्यानं क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि पायमोज्यांच्या वरून नडगीला बांधले. लोक हसले असतील; १९९० पासून मात्र अधिकृत सामन्यांत ते सक्तीचे आहेत. रविवारच्या खेळात कुणी बघत नाही, तरी घाला. सोमवारी मीटिंग असते.

बुटांचं महत्त्व १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानं जगाला दाखवलं. बर्नमध्ये पाऊस कोसळत होता. पश्चिम जर्मनीच्या बुटांना बूट बनवणाऱ्या आडी डासलरनं फिरकीनं बदलता येणारे स्टड बसवले होते. चिखलासाठी लांब स्टड लावून त्यांनी बलाढ्य हंगेरीला ३-२ नं हरवलं. आज परतणाऱ्यानं याच्या उलट करायचं : कृत्रिम गवतावर माळ्यावरचे लांब स्टडचे बूट घालायचे नाहीत. ते रुततात, पाऊल अडकतं, वरचं अंग वळतं आणि मार बसतो गुडघ्याला. टर्फसाठी तळाला भरपूर बारीक रबरी खुंट्या असलेले बूट मिळतात, तेच घ्या. आणि माळ्यावरचा जुना जोड काढलाच तर तळवा वाकवून बघा, वर्षानुवर्षं पडून गोंद सुकतो.

कृत्रिम गवत उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. मुंबई-पुण्यातली टर्फं सकाळी लवकर आणि रात्री उशिरा भरलेली असतात, त्याला ऑफिसच्या वेळांइतकंच हेही कारण.

चेंडूही बदललाय. आपल्या मनातला काळा-पांढरा, बारा पंचकोन आणि वीस षटकोन जोडलेला चेंडू १९७० च्या विश्वचषकातून घरोघरी पोचला. २०१४ च्या विश्वचषकाचा चेंडू सहाच तुकड्यांचा होता. वजन मात्र तेच, ४१० ते ४५० ग्रॅम.

लहान मैदान, मोठा व्यायाम

परतायचं तर अकरा-अकराच्या मोठ्या मैदानावर नको. लहान मैदानाचा फुटबॉल जन्मला तो जागा नव्हती म्हणून. १९३० मध्ये उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकानं वायएमसीएतल्या मुलांसाठी बंदिस्त जागेत खेळता येईल असा फुटबॉल बेतला. त्याचंच पुढे फुटसाल झालं : ४० बाय २० मीटरचं मैदान, पाच-पाच खेळाडू आणि कमी उसळणारा, जरा लहान चेंडू.

कोपनहेगनच्या पेटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हौशी, व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना असा लहान फुटबॉल खेळायला लावून मोजमापं घेतली. आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर. तीनेक महिन्यांत दम वाढला, रक्तदाब उतरला, चरबी घटली, स्नायू वाढले. साठी-सत्तरीतल्या पुरुषांनी वर्षभर खेळल्यावर खुब्याच्या हाडाची घनतासुद्धा वाढली. या खेळात हृदयाचे ठोके सरासरी कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांच्या पुढे राहतात, म्हणजे व्यायाम चांगलाच जोराचा. पण खेळणाऱ्याचं लक्ष ठोक्यांकडे नसतं, चेंडूकडे असतं. मला यातच फुटबॉलचं मोठेपण दिसतं. ट्रेडमिलवर माणूस मिनिटं मोजतो आणि टर्फवर ‘अजून एक गोल, मग थांबू’ म्हणतो.

आणि अर्धा तासही झेपत नसेल तर नागपूरकडे बघा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ चित्रपट याच कहाणीवरचा. ही संस्था बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी भारताचे संघ घडवते. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेतला सामना चार-चार खेळाडूंचा आणि केवळ चौदा मिनिटांचा असतो. सात आणि सात. जगाचा चषक चौदा मिनिटांत ठरतो, तर आपल्या पहिल्या रविवारी चौदा मिनिटं पुष्कळ झाली.

राष्ट्राध्यक्षांचा फोन

परत येणाऱ्यांचा राजा म्हणजे कॅमेरूनचा रॉजर मिला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त होऊन तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर खेळत होता. १९९० च्या विश्वचषकाआधी कॅमेरूनचे राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी त्याला परत बोलावलं. ‘एक जण कमी पडतोय’चा हा सगळ्यात मोठा फोन! अडतीस वर्षांच्या मिलानं त्या स्पर्धेत चार गोल केले आणि कॅमेरून उपांत्यपूर्व फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला संघ ठरला. चारही गोल त्यानं बदली खेळाडू म्हणून उतरून केले, हे विशेष. पुढे १९९४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा आला, उत्तरार्धात उतरला आणि रशियाविरुद्ध लगेच गोल केला. विश्वचषकात सर्वांत जास्त वयात गोल करण्याचा विक्रम त्या गोलानं झाला.

स्टॅन्ली मॅथ्यूज पन्नास वर्षं आणि पाच दिवसांचे असताना १९६५ मध्ये इंग्लंडच्या अव्वल विभागात खेळले. जपानच्या काझुयोशी मिउरानं २०१७ मध्ये, पन्नाशी पूर्ण केल्यावर, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये गोल मारला. इजिप्तचा गोलरक्षक एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्यानं सौदी अरेबियाची पेनल्टीही अडवली. आपल्या सुनील छेत्रीनं जून २०२४ मध्ये कोलकात्यात आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध परत येऊन चाळिसाव्या वर्षी हेडरनं गोल केला.

संघात दोघांना तरी हे यायलाच हवं

१२ जून २०२१. कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चेंडू घेताना कोसळला. हृदय थांबलं होतं. छातीवर दाब दिला गेला, विजेचा झटका देणारं यंत्र तयार होतं, तो वाचला. छातीत छोटं यंत्र बसवून तो पुढच्याच वर्षी परतला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्यानं डेन्मार्कसाठी गोलही केला.

एरिक्सन एकोणतीस वर्षांचा, नियमित तपासणी होणारा खेळाडू होता. आपण चाळिशीचे आहोत. वर्षानुवर्षांनी परतताना डॉक्टरांना एकदा भेटा. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर भेटायलाच हवं. खेळताना छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथल्या तिथं थांबा. आणि ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी छातीवर दाब द्यायचं प्रशिक्षण घ्या : मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मध्यभागी, पाच-सहा सेंटिमीटर खोल. टर्फच्या भाड्यासाठी आपण सगळे मिळून पैसे काढतो, तसा या शिकण्यासाठी एक रविवार काढा.

पळलात तर फाऊल

गुडघे अगदीच ऐकत नसतील तरी दार बंद नाही. २०११ मध्ये इंग्लंडच्या चेस्टरफील्डमध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी चालता फुटबॉल सुरू झाला. पळायचंच नाही; पळलात तर फाऊल आणि समोरच्यांना फ्री किक. चेंडू उंच उडवायला, अंगावर जाऊन धडक द्यायला मनाई. वेग काढून घेतल्यावर उरतो तो पास, जागा आणि डोकं. ज्यांनी तरुणपणी नुसत्या पळण्यावर सामने जिंकले ते इथं अडखळतात आणि मैदान वाचू शकणारे चमकतात.

चालता असो वा पळता, हौशी आणि वयस्कर खेळाडूंसाठी नियमांच्या अधिकृत पुस्तकातच सवलती दिलेल्या आहेत. मैदान लहान करता येतं, गोल अरुंद करता येतो, वेळ कमी करता येतो. शिवाय व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा उतरता येत नाही, इथं येतं, कितीही वेळा. तेव्हा धाप लागली की हात वर करा, जाळीबाहेर या, पाणी प्या, दुसऱ्याला आत पाठवा. पाच मिनिटांनी तोच ओरडून बोलावेल.